भौतिकीचे विद्यापीठीय शिक्षण आणि इंग्रजी भाषा

भौतिकीचे ग्रंथ वाचणे, व्याख्याने समजून घेणे, प्रयोगांचे वृत्तांत लिहिणे आणि संशोधन-निबंध तयार करणे यांसाठी विद्यापीठातील विद्यार्थ्याला इंग्रजीचे जे विशिष्ट ज्ञान लागते, ते सर्वसामान्य व्यवहारातील किंवा साहित्याभ्यासातील इंग्रजीहून पुष्कळच निराळे असते. त्यातील शब्दसंग्रह मर्यादित पण काटेकोर असतो. वाक्यरचना ठराविक साच्यांची, परंतु आशयाने दाट असते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा देशांत भौतिकीचा विद्यार्थी एकाच वेळी दोन गोष्टी शिकत असतो: एक शास्त्र आणि दुसरी त्या शास्त्राची परकी भाषा. या दोहोंपैकी एकीतील उणीव दुसरीतील उणीव म्हणून गणली जाण्याचा धोका त्यामुळे नेहमीच राहतो. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या प्रश्नाला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत भौतिकीच्या भाषेची जडणघडण, मुंबई इलाख्यातील व मराठवाड्यातील अध्यापनाचा वृत्तांत, स्वातंत्र्योत्तर काळातील भाषाविषयक धोरणे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शिकविण्याच्या पद्धतींचा विकास यांचा आढावा घेतला आहे.

भौतिकीच्या भाषांची परंपरा : भौतिकीची भाषा इंग्रजीच असावी असा काही निसर्गनियम नाही. सतराव्या शतकापर्यंत यूरोपातील विद्वानांची सामाईक भाषा लॅटिन होती. गॅलिलीओ यांनी आपले १६३२ व १६३८ मधील प्रमुख ग्रंथ इटालियन भाषेत लिहून ही परंपरा मोडली. आयझाक न्यूटन यांचा प्रिन्सिपिया हा यामिकीवरील ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला. पण प्रकाशकीवरील त्यांचा ऑप्टिक्स हा ग्रंथ १७०४ मध्ये इंग्रजीत निघाला आणि यूरोपातील वाचकांसाठी त्याचे दोनच वर्षांनी लॅटिन भाषांतर करावे लागले. व्होल्टा यांनी आपल्या विद्युत् घटमालेचा शोध १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविला, तो फ्रेंच भाषेतील पत्राने. विद्युत् प्रवाहाने चुंबकसूची विचलित होते हे १८२० मध्ये एर्स्टेड यांनी जाहीर केले, ते लॅटिन पत्रिकेद्वारे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन विद्यापीठांतील संशोधनामुळे जर्मन ही भौतिकीची अग्रगण्य भाषा बनली. प्लांक यांचा १९०० मधील पुंज सिद्धांत, आइन्स्टाइन यांचे १९०५ मधील निबंध आणि हायझेनबेर्क यांचे १९२५ व १९२७ मधील पुंज यामिकीवरील कार्य ही सर्व जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांवर घातला गेलेला आंतरराष्ट्रीय बहिष्कार, १९३३ नंतर जर्मनीतून झालेले ज्यू शास्त्रज्ञांचे स्थलांतर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील संशोधनाला लाभलेला प्रचंड आश्रय यांमुळे हे स्थान इंग्रजीकडे गेले. रशियन भाषेतील संशोधन विपुल होते. परंतु १९५५ पासून सोव्हिएट भौतिकीच्या प्रमुख नियतकालिकाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध होऊ लागले आणि इंग्रजी जाणणाऱ्यास रशियन शिकण्याची निकड उरली नाही. सारांश, आजची स्थिती विशिष्ट राजकीय व आर्थिक घडामोडींतून निर्माण झालेली आहे.

वैज्ञानिक इंग्रजीची घडण : रॉयल सोसायटीने १६६५ मध्ये आपले नियतकालिक सुरू केले. १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संस्थेच्या इतिहासात टॉमस स्प्रॅट यांनी अलंकारिक शैली टाळून साध्या व नेमक्या भाषेत लिहिण्याचा आग्रह मांडला. तथापि भौतिकीची भाषा केवळ साधेपणातून घडली नाही. न्यूटन यांच्या ऑप्टिक्स या ग्रंथात प्रयोगाचे वर्णन सरळ क्रियापदांनी केलेले असते. परंतु निष्कर्षाकडे येताना प्रकाशकिरण ‘वळतात’ असे म्हणण्याऐवजी त्यांच्या ‘वळण्याजोगेपणा’विषयी, म्हणजे एका भाववाचक नामाविषयी, विधाने केली जातात. क्रियेचे नामात रूपांतर करून ते नाम पुढील तर्काचा आधार बनविणे हे वैज्ञानिक इंग्रजीचे एक मूलभूत लक्षण असल्याचे भाषावैज्ञानिक मायकेल हॅलिडे यांनी १९८८ मध्ये भौतिकीच्या भाषेवरील आपल्या निबंधात दाखवून दिले.

पारिभाषिक शब्दही हेतुपुरस्सर घडविले गेले. मायकेल फॅराडे यांनी १८३४ च्या सुमारास विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने ग्रीक धातूंवरून ॲनोड (धनाग्र), कॅथोड (ऋणाग्र), आयन हे शब्द रूढ केले. ‘भौतिकीविज्ञ’ या अर्थाचा फिजिसिस्ट हा शब्दही ह्यूएल यांनीच १८४० मध्ये सुचविला. म्हणजे यांतील बरेच शब्द इंग्रज विद्यार्थ्यालादेखील एके काळी अपरिचितच होते. नवी परिभाषा रुळण्यास काही पिढ्यांचा वापर लागतो, ही गोष्ट मराठी परिभाषेविषयी मत बनवितानाही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मुंबई इलाख्यातील प्रारंभ : १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी दरसाल किमान एक लाख रुपयांची तरतूद झाली. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने देशी भाषांत शालेय पुस्तके तयार करण्याचे काम सुरू झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी पंडितांच्या साहाय्याने गणितावरील पुस्तके मराठीत आणली. या पहिल्या टप्प्यात पाश्चात्त्य शास्त्रे मराठीतून शिकविता येतील असा विश्वास शिक्षणाधिकाऱ्यांत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

१८३५ मध्ये मेकॉले यांचे टिपण प्रसिद्ध झाले आणि सरकारी धोरणाचा झोक इंग्रजीकडे वळला. त्याच वर्षी इंग्लंडहून मुंबईस आलेल्या एल्फिन्स्टन प्राध्यापकांपैकी ऑर्लेबार हे सृष्टिविज्ञान (नॅचरल फिलॉसॉफी) शिकवीत. भौतिकीला त्या काळी हेच नाव होते. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) हे एल्फिन्स्टन संस्थेतील पहिले भारतीय अध्यापक होत. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले दर्पण हे वृत्तपत्र मराठी व इंग्रजी अशा दोन स्तंभांत निघे. एकाच पृष्ठावर शेजारी शेजारी दोन भाषा ठेवून वाचकाला नव्या ज्ञानाकडे नेण्याची ती रीत होती. पुढे दादाभाई नवरोजी १८५५ च्या सुमारास याच संस्थेत गणित व सृष्टिविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे हे गणित व सृष्टिविज्ञानाचे नामवंत अध्यापक होते. त्यांचा ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. या पिढीने शास्त्र इंग्रजीतून आत्मसात केले आणि ते मराठीत लिहिण्याचीही जबाबदारी मानली.

शिक्षणाच्या माध्यमावरून १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात तीव्र मतभेद झाले. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे या मताचे होते. याउलट जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट आदी सदस्यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला. ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचवायचे तर ते त्यांच्याच भाषेतून दिले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने दोन्ही बाजूंत तडजोड केली. त्यानुसार उच्च शाखांसाठी इंग्रजी आणि सामान्य जनतेच्या शिक्षणासाठी देशी भाषा असे क्षेत्र वाटून देण्यात आले. या वाटणीचा परिणाम पुढे दीर्घकाळ टिकला. शास्त्राचा उच्च भाग मराठीत लिहिण्याचे प्रयोजनच उरले नाही आणि मराठीतील विज्ञानलेखन प्राथमिक माहितीपुरते मर्यादित होत गेले.

विद्यापीठांची स्थापना व नंतरचा काळ : मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. प्रारंभी विज्ञान हा कला शाखेच्याच अभ्यासक्रमाचा एक भाग होता; विज्ञानाची स्वतंत्र पदवी त्या शतकाच्या अखेरच्या काळात अस्तित्वात आली. मुंबईतील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था १९२० मध्ये सुरू झाल्यावर भौतिकीच्या उच्च अध्ययनाची व संशोधनाची सोय झाली. या सर्व काळात भौतिकीच्या विद्यार्थ्यासाठी वेगळे इंग्रजी शिकविण्याची गरज कोणाला भासली नाही. कारण माध्यमिक शाळेतील बहुतेक विषय इंग्रजीतूनच शिकविले जात आणि महाविद्यालयात येणारा विद्यार्थी त्या भाषेत बराच मुरलेला असे. मात्र अशा विद्यार्थ्यांची संख्या अत्यल्प होती आणि ते मुख्यतः शहरांतील, परंपरेने लेखनवाचनाशी संबंध असलेल्या वर्गांतून येत.

त्या काळातील भारतीय शास्त्रज्ञांना इंग्रजीही पुरेशी नव्हती. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांनी जर्मन भाषेचा अभ्यास करून आइन्स्टाइन व मिंकोव्हस्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केले. १९२४ मध्ये बोस यांनी डाक्क्याहून आपला इंग्रजी निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. तो आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध करविला. चार वर्षांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या शोधाची वार्ता नेचर या इंग्रजी साप्ताहिकात दिली. बोस यांनी पुढे आयुष्यभर बंगालीतून विज्ञान शिकविण्याचा पुरस्कार केला. परभाषांवर उत्तम प्रभुत्व असलेला शास्त्रज्ञच मातृभाषेचा आग्रही असल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

महाराष्ट्रात विज्ञानप्रसाराचे काम मराठी नियतकालिकांनी चालू ठेवले. पुण्याचे सृष्टिज्ञान हे मासिक १९२८ मध्ये सुरू झाले आणि मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. विद्यापीठातील वर्ग व मराठी वाचक यांच्यात पूल बांधण्याचे काम यांनी केले. परंतु परीक्षेची भाषा इंग्रजीच राहिल्यामुळे विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे वाचन पूरक स्वरूपाचेच ठरले.

उस्मानिया विद्यापीठाचा प्रयोग : ब्रिटिश भारतात हे चालू असताना हैदराबाद संस्थानात निराळा प्रयोग झाला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व विषयांचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. त्यासाठी अनुवाद विभाग निर्माण करून भौतिकी, रसायनशास्त्र, गणित, वैद्यक इ. विषयांचे ग्रंथ व परिभाषा उर्दूत तयार करण्यात आली. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना आवश्यक होता. म्हणजे शास्त्र एका भाषेतून शिकावे आणि दुसरी भाषा ग्रंथवाचनासाठी स्वतंत्रपणे शिकावी, ही योजना तेथे पुढे अखिल भारतीय स्तरावर चर्चिली जाण्याच्या कितीतरी आधी अंमलात आली होती.

मराठवाड्याचा या प्रयोगाशी प्रत्यक्ष संबंध आला. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९२३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय सुरू झाले. तेथील मराठी भाषिक विद्यार्थ्याला शास्त्र उर्दूतून शिकावे लागे, त्याचे ग्रंथ इंग्रजीत असत आणि घरी तो मराठी बोले. देशी भाषेतून विज्ञान शिकविता येते हे उस्मानियाने सिद्ध केले. परंतु एकाची देशी भाषा दुसऱ्याला परकीच असू शकते, हेही मराठवाड्याच्या अनुभवाने दाखविले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि तीन दशकांत जमलेली शास्त्रीय ग्रंथसंपदा बव्हंशी वापरातून गेली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले, तेव्हा तेथेही भौतिकीच्या अध्यापनासाठी इंग्रजीचाच स्वीकार झाला.

स्वातंत्र्योत्तर धोरणे : स्वातंत्र्यानंतर शालेय शिक्षणाचे माध्यम प्रादेशिक भाषा झाले. मुंबई राज्यात तर काही काळ इंग्रजी हा विषय आठवीपासूनच शिकविला जाई. त्यामुळे माध्यमिक शिक्षण प्रथमच मोठ्या प्रमाणावर ग्रामीण भागात पोहोचले. पण महाविद्यालयातील विज्ञानाचे माध्यम बदलले नाही. शाळा व महाविद्यालय यांच्यामधील ही भाषेची दरी हाच या विषयातील स्वातंत्र्योत्तर काळाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५५ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने माध्यम बदलण्याची घाई करू नये आणि ते बदलले, तरी इंग्रजीचा अभ्यास दुसरी भाषा म्हणून चालू ठेवावा, अशी शिफारस १९५७ मध्ये केली. १९५८ मध्ये हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तिचे पुढे विद्यापीठात रूपांतर झाले. १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग अस्तित्वात आला. त्याचे अध्यक्षपद दौलतसिंग कोठारी (१९०६–९३) यांच्याकडे होते. कोठारी हे स्वतः भौतिकीविज्ञ असून श्वेत लघुताऱ्यांवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. मूलद्रव्यांची नावे, व्यक्तिनामांवरून पडलेली एककांची नावे आणि गणितीय चिन्हे आंतरराष्ट्रीय स्वरूपातच ठेवावीत आणि संकल्पनावाचक शब्द मात्र भारतीय भाषांत घडवावेत, हे तत्त्व आयोगाने स्वीकारले.

कोठारी यांच्याच अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) सुमारे दहा वर्षांत विद्यापीठीय शिक्षण प्रादेशिक भाषांतून द्यावे आणि इंग्रजीला ‘ग्रंथालयाची भाषा’ म्हणून स्थान असावे, असे सुचविले. अशा भाषेवर पुरेसे प्रभुत्व मिळविल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्यास पदवीस, विशेषतः पदव्युत्तर पदवीस, पात्र समजू नये, असेही आयोगाचे मत होते. ही शिफारस भौतिकीच्या शिक्षणाला नेमकी लागू पडणारी होती. विचार मातृभाषेत व्हावा आणि वाचन इंग्रजीतही जमावे, असा तिचा आशय होता. प्रत्यक्षात तिचा पहिला भाग विज्ञान शाखेत अंमलात आला नाही आणि पहिला भागच न आल्यामुळे दुसऱ्यासाठी वाचनप्रधान इंग्रजीचे स्वतंत्र अध्यापनही फारसे उभे राहिले नाही. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने राज्योराज्यी विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीची योजना सुरू झाली. महाराष्ट्रात नागपूर येथील विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीत ग्रंथ काढले. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले आणि मराठी विश्वकोशाचा परिभाषा संग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि १९६० नंतर ब्रिटिश व अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या अल्पमोली आवृत्त्या आणि मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे स्वस्त इंग्रजी ग्रंथ भारतात सर्वत्र मिळू लागले. त्यांच्या दर्जापुढे व किमतीपुढे मराठी ग्रंथांना विद्यार्थी मिळणे कठीण झाले.

भाषिक अडचणींचे स्वरूप : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण मुख्यतः अवघड पारिभाषिक शब्दांमुळे होते, असा समज आहे. तो अंशतःच खरा आहे. पारिभाषिक शब्दाची व्याख्या पुस्तकात दिलेली असते आणि तो शब्द सर्वांनाच नवा असतो. खरी अडचण रोजच्या वापरातील शब्द शास्त्रात निराळ्या अर्थाने येतात तेव्हा होते. युनिफॉर्म म्हणजे शाळेचा गणवेश हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण भौतिकीत त्याचा अर्थ एकविध किंवा एकसमान असा होतो. मोमेंट म्हणजे क्षण, परंतु यामिकीत परिबल. फील्ड म्हणजे शेत, परंतु विद्युत् शास्त्रात क्षेत्र. स्पेसिफिक या शब्दाचा ‘विशिष्ट’ हा अर्थ माहीत असूनही बऱ्याच संज्ञांत तो ‘दर एकक द्रव्यमानास’ असे सुचवितो, हे सांगितल्याखेरीज कळत नाही. मातृभाषेतही असा घोटाळा होतोच: व्यवहारातील मराठीत ‘वजन’ हा शब्द द्रव्यमान व भार या दोहोंसाठी आणि ‘वेग’ हा शब्द चाल व वेग या दोहोंसाठी चालतो.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. मराठीत विशेषणात्मक पदे नामाच्या आधी येतात व क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत नामानंतर पदांची साखळी वाढत जाते. ‘रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी विथ रिस्पेक्ट टू टाइम’ या पदसमूहाचा अर्थ लावताना मराठी भाषिकाला शेवटून सुरुवातीकडे यावे लागते. तेव्हा ‘कालसापेक्ष वेगबदलाची त्वरा’ असा अर्थ हाती येतो. याउलट ‘लो टेंपरेचर स्पेसिफिक हीट मेजरमेंट’ यासारख्या नामांच्या माळेत पदांमधील संबंध उघड नसतात; ते ‘नीच तापमानाला केलेले विशिष्ट उष्णतेचे मापन’ असे उलगडून घ्यावे लागतात. इंग्रजीतील उपपदांना मराठीत प्रतिरूप नाही. त्यामुळे ‘एक कण’ व ‘तो कण’ यांतील भेद वाचताना निसटतो. ‘जर’, ‘तरच’, ‘अन्यथा’, ‘त्यामुळे’ या अर्थांचे जोडशब्द नीट न कळल्यास शब्द न् शब्द ठाऊक असूनही युक्तिवाद हातचा जातो.

तिसरी अडचण मराठी परिभाषेतील अस्थैर्याची आहे. विश्वकोशात ज्याला ‘प्रेरणा’ म्हटले आहे, त्याला शालेय पुस्तकात ‘बल’ म्हणतात. ‘प्रवेग’ व ‘त्वरण’, ‘निरूढी परिबल’ व ‘जडत्व आघूर्ण’ या जोड्याही तशाच. विद्यार्थ्याचा मराठीतील शब्द पक्का नसेल, तर तो इंग्रजी शब्दाशी जोडण्याचे काम दुप्पट कठीण होते.

अध्यापनपद्धतींचा विकास : परभाषिकांना मर्यादित उद्दिष्टासाठी इंग्रजी शिकविण्याच्या विचारात भारतीय उपखंडाचा वाटा मोठा आहे. मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील अनुभवाच्या आधारे १९२६ मध्ये असे प्रतिपादन केले की, येथील विद्यार्थ्याला बोलण्यापेक्षा वाचनाची गरज अधिक असून नियंत्रित शब्दसंग्रहाने ती भागविता येईल. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तिच्यात सामान्य विज्ञानाचे १०० व एखाद्या विशिष्ट शास्त्राचे ५० शब्द घालून हजार शब्दांत शास्त्र लिहिता येईल, अशी त्यांची कल्पना होती. सामान्य शब्दच शास्त्रात फसवे ठरतात ही वस्तुस्थिती मात्र या योजनेत पुरेशी विचारात घेतलेली नव्हती.

१९६० नंतर वैज्ञानिक गद्याचे प्रत्यक्ष पृथक्करण होऊ लागले. सी. एल. बार्बर यांनी १९६२ मध्ये वैज्ञानिक लेखनातील क्रियापदरूपांची मोजदाद करून साध्या वर्तमानकाळाचे व कर्मणी प्रयोगाचे प्राबल्य दाखविले. ए. जे. हर्बर्ट यांचे तांत्रिक इंग्रजीच्या रचनेवरील पुस्तक १९६५ मध्ये, चिली विद्यापीठातील ईवर व लातोरे यांचे मूलभूत वैज्ञानिक इंग्रजीचे पुस्तक १९६९ मध्ये आणि लिबियातील अध्यापनानुभवावर आधारलेले जॉन स्वेल्स यांचे पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हेन्री विडोसन प्रभृतींनी लक्ष सुट्या वाक्याकडून परिच्छेदातील युक्तिवादाकडे वळविले. व्याख्या, वर्गीकरण, प्रयोगवर्णन व अनुमान या वैज्ञानिक कृती विद्यार्थ्याला त्याच्या शास्त्रातून आधीच परिचित असतात. भाषाशिक्षकाने त्यांचाच आधार घ्यावा, असे त्यांचे सांगणे होते. १९९० मध्ये स्वेल्स यांनी संशोधन-निबंधाच्या प्रस्तावनेची घडण स्पष्ट केली आणि २००० मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विविध विद्याशाखांना सामाईक अशा ५७० शब्दकुलांची यादी सिद्ध केली.

महाराष्ट्रातील स्थिती : १९७५ नंतर दहावीपर्यंत शाळा, दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालय व तीन वर्षांची पदवी अशी रचना राज्यात आली. त्यामुळे माध्यमबदलाचा क्षण अकरावीच्या वर्गात आला. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याला त्या वर्गात प्रायः सर्व विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. याच दोन वर्षांत यामिकी, विद्युत् चुंबकत्व व कलनशास्त्र यांचा पाया घातला जातो आणि अभियांत्रिकी व वैद्यकाचे प्रवेशही याच वर्षांतील परीक्षांवर ठरतात. नव्या भाषेशी झगडण्यात गेलेला काळ परत मिळत नाही. आपणास भौतिकी जमत नाही, असा निष्कर्ष काढून शाखा बदलणाऱ्या विद्यार्थ्याला वास्तविक इंग्रजी वाक्य जमत नसते. परंतु हा भेद परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. वर्गात अध्यापक बहुधा मराठी-इंग्रजी मिश्र भाषेत समजावून देतात आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहावे लागते. तेव्हा समजलेले सोडून पाठ केलेले लिहिण्याकडे विद्यार्थ्याचा कल होतो.

मुंबई येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत विज्ञानशिक्षण सुधारण्याचा प्रकल्प राबविला. पाठ्यपुस्तकाची भाषा सुलभ केली असता विद्यार्थ्यांचे आकलन सुधारते, असे या केंद्रातील अभ्यासकांना आढळले. हे निरीक्षण मराठी पुस्तकांविषयीचे होते. मातृभाषेतही भाषेचा अडसर एवढा मोठा असेल, तर परभाषेत तो किती असेल याची कल्पना त्यावरून करता येते. राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे ‘सेमी इंग्रजी’ वर्ग मराठी शाळांत पसरले. यामुळे अकरावीतील धक्का सौम्य होतो. परंतु दुसऱ्या बाजूने विज्ञानाचे मराठी शब्द विद्यार्थ्याच्या कानावरून जाईनासे झाले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांचा पुरस्कार केला आणि २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास परवानगी मिळाली. यंत्राद्वारे होणाऱ्या भाषांतराची साधनेही आता विद्यार्थ्याच्या हाती आली आहेत. परंतु त्यांनी दिलेल्या वाक्यातील संज्ञा योग्य आहे की नाही, हे ओळखण्यासाठी दोन्ही भाषांतील शास्त्रीय अर्थ माहीत असावा लागतोच.

मूल्यमापन : मातृभाषा की इंग्रजी, असा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून मांडला जात आहे. जपानचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथे विद्यापीठातील भौतिकी जपानी भाषेतून शिकविली जाते. पण हिदेकी युकावा यांनी १९४६ मध्ये सुरू केलेले सैद्धांतिक भौतिकीचे नियतकालिक इंग्रजीत निघे. तोशिहिदे मासुकावा यांनी माकोतो कोबायाशी यांच्यासह १९७३ मध्ये लिहिलेला निबंध त्याच नियतकालिकात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याबद्दल २००८ चे नोबेल पारितोषिक स्वीकारताना मासुकावा यांनी आपले व्याख्यान मात्र जपानीत दिले; कारण इंग्रजी बोलणे त्यांना अवगत नव्हते. विचाराची भाषा व प्रसिद्धीची भाषा वेगळ्या असू शकतात आणि तरीही उच्च प्रतीचे कार्य होऊ शकते, हे यावरून दिसते. महाराष्ट्रात जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी संशोधन इंग्रजीत व विज्ञानलेखन इंग्रजीबरोबरच मराठीतही करून दोन्ही भाषांचा संबंध जिवंत ठेवला.

भौतिकीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी लागणार, हे नजीकच्या भविष्यकाळात बदलण्याची चिन्हे नाहीत. मात्र ती आपोआप येईल असे गृहीत धरून तिच्याविना अडलेल्याला अपात्र ठरविणे, ही आतापर्यंतची रीत समर्थनीय नाही. भौतिकीच्या पाठांवरच आधारलेले वाचनप्रधान इंग्रजीचे अध्यापन, मराठी व इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी देणारी पुस्तके आणि आकलन तपासताना विद्यार्थ्याला मराठीत उत्तर देण्याची मुभा हे उपाय खर्चिक नाहीत. दर्पण पत्राने १८३२ मध्ये दोन स्तंभांत जे केले, त्याचाच हा शास्त्राच्या वर्गातील विस्तार होय.